साखर, उंची, वजन: रक्तात नेमकं काय उतरतं?

घरात कुणाला मधुमेह निघाला की सोलापूर जिल्ह्यातलं मंद्रूप असो वा पुणे, एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या रक्तातच आहे." सोलापूरसारख्या 1876-78 आणि 1972 चे दुष्काळ सोसलेल्या मुलखात त्याला सहज पुस्ती जोडता येते, की उपाशी पूर्वजांमधून चरबी साठवणारी माणसंच तगली आणि आपण त्यांचे वारस. नैसर्गिक निवडीच्या नावावर खपणारी ही गोष्ट तपासायला हवी, कारण तिच्या आडोशाने गरोदर बाईच्या ताटाकडे दुर्लक्ष होतं.

गैरसमज: प्रत्येक गुणाचा एक जनुक असतो.

वस्तुस्थिती: सिकलसेलचं तसं आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा हा आजार एकाच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होतो. तो बदल आई किंवा वडील एकाकडूनच आला तर गंभीर मलेरियापासून बचाव होतो, म्हणून निवडीने तो टिकवला. उंचीचं गणित निराळं. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांच्या अभ्यासात उंचीशी निगडित 12,111 जनुकीय फरक सापडले. त्यातल्या बहुतेकांचा एकेकट्याचा प्रभाव अगदी किरकोळ. मधुमेहही असाच, अनेक जनुकांच्या बारीक बारीक वाट्याचा.

गैरसमज: निवड गुणांना कायम वरच नेते.

वस्तुस्थिती: अनेकदा ती मधल्यांना राखते. लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या 13,000 हून अधिक जन्मांच्या नोंदी कार्न आणि पेनरोज या संशोधकांनी 1951 मध्ये मांडल्या. फार हलकी आणि फार जड बाळं अधिक दगावत होती, मधल्या वजनाची जगत होती.

गैरसमज: दुष्काळानेच मधुमेह आपल्या रक्तात आणला.

वस्तुस्थिती: 'काटकसरी जनुका'ची ही कल्पना आनुवंशिकीतज्ज्ञ जेम्स नील यांनी 1962 मध्ये मांडली. मात्र मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या ज्ञात जनुकीय फरकांना निवडीने सरसकट उचलून धरल्याचा पुरावा मिळालेला नाही. शिवाय 1876 पासून आजवर जेमतेम सहा-सात पिढ्या झाल्या. शेकडो बारीक फरकांचं पारडं फिरायला एवढा काळ अपुरा आहे.

मग आपल्याकडे अंगाने बारीक माणसालाही मधुमेह का होतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण बाळांची इतर मापं घेतली, पाठीवरच्या कातडीची घडीही चिमट्यात धरून मोजली, तेव्हा वेगळंच दिसलं: बाळाचे स्नायू, पोटातले अवयव तोकडे, चरबी मात्र त्या मानाने राखलेली, आणि अशी ठेवण पुढे मधुमेहाचा धोका वाढवू शकते. आणि ज्या आया दूध, फळं, पालेभाज्या जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं थोराड होती.

जनुकांचा वाटा याने पुसला जात नाही. पण तो गर्भातल्या पोषणाशी, पुढच्या खाण्यापिण्याशी आणि अंगमेहनतीशी मिळूनच काम करतो, आणि यातलं पोषण याच पिढीत बदलता येतं. म्हणूनच याज्ञिक यांच्या चमूने 2012 मध्ये त्या अभ्यासातल्या आयांच्या मुलामुलींना, ती वयात आल्यावर, ब-12 जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांवर याचा काय परिणाम होतो, हे चमूला पाहायचं होतं.