वर्सावे पूल: तडा बुजवायला महिने का लागतात?

आचोळ्याहून गाडीने ठाण्याला किंवा मुंबईला निघालं की वसई फाट्यावरून हायवेला लागायचं आणि वसई खाडीवरचा वर्सावे पूल ओलांडायचा. डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या जुन्या पुलाच्या गर्डरला तडा सापडला, अवजड वाहनं बंद झाली आणि हायवेवर रांगा लागल्या. 2016 मध्ये पुन्हा तेच. 2023 मध्ये शेजारी नवा चार पदरी पूल सुरू झाला, तेव्हा कुठे जरा मोकळं झालं.

त्या काळात एक सवाल सगळ्यांच्या तोंडी होता, एवढाच तडा, मग इतके दिवस कशाला?

कारण दुखणं वर दिसतं तिथे नसतं. काँक्रीटच्या पोटात सळया असतात. मोठ्या पुलांत शिवाय ताणून बसवलेल्या पोलादी केबल असतात, खरा भार त्या सांभाळतात. खाडीच्या हवेतलं मीठ हळूहळू आत मुरतं आणि लोखंड गंजतं. गंज फुगतो, त्याला जास्त जागा लागते, मग काँक्रीट आतून फुटतं. जुन्या घराच्या स्लॅबचे पोपडे पडतात ना, तसंच. केबलचा गंज मात्र बाहेरून दिसतच नाही. गोव्यातला मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 ला कोसळला तो केबल गंजल्यामुळेच, आणि तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती.

म्हणून वरून डांबर टाकणं ही पुलाची दुरुस्ती नव्हे. आधी हातोडीने ठोकून बघतात. पोकळ आवाज आला की तेवढं काँक्रीट काढायचं, सळईचा गंज घासायचा, गंजरोधक लावून नवं काँक्रीट भरायचं. केबल कमजोर झाल्या असतील तर बाहेरून नव्या ताणून बसवतात. खांब आणि गर्डरच्या मधले बेअरिंग बदलायचे तर अख्खा गाळा जॅकवर काही मिलिमीटर उचलावा लागतो. वरून ट्रेलर धडधडत असताना हे कसं जमणार? नवं काँक्रीट पक्कं व्हायलाही दिवस लागतात.

पुलावरचं पाणी जाण्याची भोकं तुंबलेली, सांध्याची पट्टी उखडलेली किंवा गर्डरखाली तांबूस ओघळ दिसले तर राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या हेल्पलाइनवर कळवा. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कुठल्या दिशेने चालली होती तेही सांगा.