कावीळ मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. तो ओसरल्यावर नदीचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे दिल्लीसाठी पाणी उपसले जायचे तिथवर येऊन भिडले. पाण्यात क्लोरीन वाढवण्यात आले. त्यामुळे विषमज्वराची साथ टळली, पण डिसेंबर उजाडताच शहर काविळीने पिवळे पडू लागले. दोन महिन्यांत अंदाजे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बहुतेक जण बरे झाले. गरोदर बायका मात्र मोठ्या प्रमाणात दगावल्या. आधी ग्लानी, मग बेशुद्धी आणि काही दिवसांत मृत्यू, असा हा क्रम होता.

या साथीचा गुन्हेगार सापडायला पाव शतक गेले. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आणि अमेरिकेतील संशोधकांनी तेव्हाचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. ही ‘ए’ किंवा ‘बी’ प्रकारची कावीळ नव्हती, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील अशाच साथीवरून तोच निष्कर्ष मांडला. पुढे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिखाईल बालायान या रशियन विषाणूतज्ज्ञाने अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला. त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. आज त्याला हेपटायटिस ‘ई’ म्हणतात.

काविळीत अशी ग्लानी आणि बेशुद्धी येते ती यकृत अचानक निकामी झाल्यामुळे. पाश्चात्त्य देशांत तसे झाले, तर डॉक्टरांचा पहिला संशय पॅरासिटामॉलच्या अतिसेवनावर जातो. भारतात तो हेपटायटिसच्या विषाणूंवर जातो. ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्या-अन्नातून येतात. ‘बी’ रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला. ‘डी’ फक्त ‘बी’च्या आधारानेच जगतो आणि आजार अधिक उग्र करतो. ‘सी’ वर्षानुवर्षे यकृत पोखरतो, पण ते एकाएकी बंद पाडल्याची उदाहरणे विरळा.

नुकसान बहुतांशी विषाणू स्वतः करत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा संसर्ग झालेल्या पेशी मारत सुटते आणि क्वचित हा संहार इतका मोठा होतो की काम चालवण्यापुरतेही यकृत उरत नाही. रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात. त्यातले काही तासांतच संपतात, म्हणून रक्त गोठण्याची चाचणी सर्वांत आधी बिघडते. साखर उतरते. रक्तातला अमोनिया वाढतो, मेंदूला सूज येते. रुग्ण रात्री जागा आणि दिवसा झोपलेला राहतो, असंबद्ध बोलतो, पुढे धरलेले हात फडफडतात. इथे एक फसवी गोष्ट घडते. मरणाऱ्या यकृतपेशींतून रक्तात येणाऱ्या एसजीपीटीचा आकडा हजारोंवरून खाली येऊ लागतो आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. कावीळ चढती असताना हा आकडा पडत असेल, तर मरायला पेशीच शिल्लक नाहीत, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

दिल्लीच्या एम्समध्ये यकृत असे अचानक निकामी झालेल्या ४२३ रुग्णांचा अभ्यास झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले सुमारे दोन तृतीयांश रुग्ण वाचले नव्हते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. असे का होते, याचे पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही.

दिल्लीची गोष्ट जुनी झाली नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीचे दवाखाने काविळीच्या रुग्णांनी भरले. कारण ‘ई’, मार्ग पिण्याचे पाणी, आणि बळीही गेले. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिमल्याची पाळी आली. तिथे मैलाशुद्धीकरण केंद्रातले सांडपाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या अश्विनी खड्ड या ओढ्यात मिसळले होते. गुजरातेत मोडासा परिसरात २००९ मध्ये मार्ग वेगळा होता. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमधून ‘बी’ पसरला आणि ८० हून अधिक माणसे गेली. ‘बी’ची स्वस्त, खात्रीची लस तेव्हा उपलब्ध होती, पण देशभरातल्या बालकांसाठी ती २०११ पासून सार्वत्रिक लसीकरणात आली.

महाराष्ट्रात कावीळ म्हटले की आजही कुणी पाला देतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून ‘उतरवतो’. ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. ज्या थोड्यांची होत नाही, त्यांचे मोलाचे दिवस या उपचारांत जातात. काही झाडपाल्याची औषधे यकृताला आणखी इजा करतात, ते वेगळेच.

बिघाड पुढे गेल्यावर हाती उरतो अतिदक्षता विभाग आणि यकृत प्रत्यारोपण. अवयववाटपात अशा रुग्णाला अग्रक्रम मिळतो, पण मेंदूमृत दाता त्याच दोन-चार दिवसांत मिळेलच असे नाही. मग घरातल्याच कुणाला आपल्या यकृताचा भाग द्यावा लागतो, आणि हा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो.

‘ई’वरची लस चीनमध्ये २०११ मध्ये मंजूर झाली. दक्षिण सुदानमधील बेंटिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत २०२२ मध्ये साथ रोखण्यासाठी ती प्रथमच वापरली गेली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही. म्हणजे आपल्याकडे ‘ई’ला अडवायचे ते जलवाहिनी आणि गटार यांच्यामध्येच, आणि ते काम नगरपालिकेचे आहे. नळाला गढूळ, वास येणारे पाणी आले, तर तक्रार लेखी द्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. घरात कुणाला कावीळ असेल आणि त्याची झोप उलटीपालटी झाली, बोलणे भरकटले, हिरड्यांतून रक्त आले किंवा ती व्यक्ती गरोदर असेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.