शेवटी कोण जेवलं?

गेल्या सात दिवसांत किती वडापाव खाल्लेत? आठवा बरं! सर्व्हेवाले घरी येतात तेव्हा उत्तरं बहुतेकदा आईच देते. तेल किती आणलं हे तिला पक्कं ठाऊक. तुमचं कँटीन नाही.

लांबलचक प्रश्नावलीला माणसं कंटाळतात, म्हणून २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च सर्वेक्षणात तिचे तीन भाग करून तीन महिन्यांत तीन भेटी दिल्या. छानच! पण त्यातून घरात काय आलं ते कळतं, कुणाच्या पोटात किती गेलं ते नाही. त्यासाठी पोषणतज्ज्ञ मापाच्या वाट्या-चमचे समोर ठेवून प्रत्येकाला कालचं खाणं विचारतात.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे करताय? मग एवढं विचाराच: काल सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? आणि तेव्हा भाजी उरली होती का?