बोंबलाचे माप आणि खानदेशचा बाजार

जळगाव-धुळ्याहून समुद्र लांब, तरी आठवडी बाजारात सुकट-बोंबलाची दुकाने लागतातच. पापलेट-सुरमईची चर्चा सगळीकडे होते. गोरगरिबांच्या ताटातल्या या मासळीचा हिशेब कोण ठेवतो? सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने मासळीच्या 54 जातींना किमान लांबी ठरवून दिली. बोंबील 180 मिलिमीटरपेक्षा लहान धरू नये, असा नियम झाला. अंडी घालण्याआधीच मासा जाळ्यात गेला तर पुढचा माल येणार कोठून?

आम्ही कापडवाले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, हे धरूनच माप देतो. बोंबीलही वाळल्यावर आटतो. मग जळगावात पट्टी लावून काय कळणार? माप बंदरावर, ओल्या मालालाच लागले पाहिजे. शिवाय हा नियम लांबीचा, वजनाचा नाही. जवळा तर पूर्ण वाढला तरी बारीकच! त्याला आइसलँडप्रमाणे सालाना टनांची मर्यादा हवी. पण आपल्याकडे हजारो होड्या, गावोगाव बंदरे, तोलणार कोण?

आमच्या सुक्या मासळीच्या व्यापारी बांधवांनी मात्र एवढे करावे: स्वस्त म्हणून कोवळ्या बोंबलाची पोती उचलू नयेत, आणि पुढच्या खरेदीत मोठ्या मालाचा भाव वेगळा मागावा.