महाग औषध आणि मदुराईची कसोटी

कापणी-मळणीच्या दिवसांत नेत्ररुग्णालयांत एक ठराविक तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. भाताचे तूस उडते, उसाचे पाते चाटून जाते किंवा भुसार मालाचे पोते उचलताना काडी डोळ्याला लागते. जखम क्षुल्लक वाटते म्हणून माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. परंतु त्या काडीबरोबर बुरशीचे कण कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, रुजतात. काही दिवसांत तेथे पांढरट डाग दिसू लागतो, डोळा लाल होतो, प्रकाश सहन होत नाही. हाच बुरशीजन्य व्रण होय. दक्षिण भारतात कॉर्नियाच्या जंतुसंसर्गजन्य व्रणांपैकी निम्म्याच्या जवळपास व्रण बुरशीचे आढळले आहेत. उपचार वेळेवर न झाल्यास पडद्याला छिद्र पडते. मग नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण करावे लागते, आणि संसर्ग पेटलेल्या डोळ्यात असे रोपण टिकणेही कठीण असते.

या व्रणावर नॅटामायसिन नावाचे जुने औषध उपलब्ध आहे. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, म्हणून त्याचे हे नाव. (चीजला बुरशी लागू नये म्हणूनही ते वापरतात.) त्याचा दोष एवढाच सांगितला जाई की ते डोळ्यात खोलवर झिरपत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होरिकोनाझोल हे नवे औषध मात्र खोलवर पोहोचते आणि प्रयोगशाळेत अनेक बुरशींवर प्रभावी ठरते. तेव्हा अनेक नेत्रतज्ज्ञांचा कल त्याच्याकडे झुकला. ऐपत असलेल्या घरातील मंडळीही साहजिकच म्हणू लागली, "डॉक्टरसाहेब, पैशाकडे पाहू नका, नवे तेच द्या."

येथे अनुभवाची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. डॉक्टरांना बरे झालेले रुग्ण आठवतात. जे परत आलेच नाहीत, त्यांची नोंद मनात राहत नाही. केवळ जमेची बाजू लिहिलेल्या वहीवरून ताळेबंद मांडता येत नाही, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. शिवाय नवे औषध बहुधा कोणाला मिळते? जो लवकर येतो आणि ज्याची ऐपत असते, त्याला. मग गुण औषधाचा की परिस्थितीचा, हे कसे ठरवायचे?

त्यासाठीच क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवरील नियमबद्ध चाचणी, असते. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर संस्थेबरोबर ही चाचणी हाती घेतली. २०१० आणि २०११ या दोन वर्षांत ३२३ रुग्ण त्यात सहभागी झाले. कोणाला कोणते औषध द्यायचे हे ना डॉक्टर ठरवत होते, ना रुग्ण; ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरत होते. पहिला आठवडाभर जागेपणी दर तासाला थेंब घालायचे होते. जे कुटुंब शेतावरच्या मजुरीवर जगते, त्याच्यासाठी हा आठवडा किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो अपेक्षेच्या उलट होता. तीन महिन्यांनंतर नॅटामायसिन घेतलेल्या रुग्णांची दृष्टी तक्त्यावर सरासरी १.८ ओळींनी अधिक चांगली होती. फ्युजेरियम या बुरशीच्या बाबतीत हा फरक ४.१ ओळींचा होता. ज्याला तक्त्यावरचे फक्त मोठे अक्षर दिसते आणि ज्याला त्याखालच्या चार ओळी वाचता येतात, त्या दोघांच्या पुढच्या आयुष्यात फार अंतर असते. छिद्र पडण्याचा किंवा रोपणाचा धोकाही जुन्या औषधाच्या गटात लक्षणीयरीत्या कमी होता.

हा निकाल हाती आला तेव्हा दुसरी चाचणी चालू होती. व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांचा उपयोग होतो का, हे भारत व नेपाळमधील २४० रुग्णांत पाहिले जात होते. निष्कर्ष कळताच तेथील सर्व रुग्णांना नॅटामायसिनचे थेंबही सुरू करण्यात आले. गोळ्यांनी एकंदरीत लाभ दिसला नाही. दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.

मग ज्यांच्या चिठ्ठीत व्होरिकोनाझोल आले, त्यांच्यावर अन्याय झाला का? हा प्रश्न टाळता येणार नाही. चाचणीपूर्वी कोणते औषध सरस हे कोणालाच ठाऊक नव्हते. उलट बहुतेकांनी नव्याचीच निवड केली असती. चाचणी झाली नसती, तर तेच औषध पुढे हजारोंना दिले गेले असते आणि नुकसान कोणाच्या नजरेसही आले नसते. तरीही त्या रुग्णांचे ऋण उरतेच. त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नसतात.

घरातील एखाद्या रुग्णाला, मग विकार डोळ्याचा असो, मेंदूतील गाठीचा असो वा क्षयाचा, अशा चाचणीविषयी विचारणा झाली, तर घाबरून नकार देऊ नये आणि भिडेखातर होकारही देऊ नये. संमतीपत्रक आपल्या भाषेत मागावे, ते घरी आणून सावकाश वाचावे. भारतात अशा चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे; नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हेही विचारावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

आणि दुकानात, गोदामात किंवा शेतावर काम करणाऱ्या कोणाच्या डोळ्यात काडी गेली, तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत. त्यांनी लाली तात्पुरती ओसरते, पण आतली बुरशी फोफावते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.