पाषाणची बंदूक, भामरागडचं रान

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर हत्यारं खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत माणसांची मोजदाद वरती होती, हत्यारांची तळाशी. एकूण ५४ हत्यारं. त्यात ७ एके-४७ आणि ९ इन्सास.

एके-४७चा दबदबा पोरासोरांनाही ठाऊक असतो. पण इथे तिच्यापेक्षा इन्सास जास्त निघाल्या, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इन्सास कुठल्या चोरबाजारात घाऊक मिळत नाही. ती फक्त इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली इथल्या सरकारी कारखान्यांत बनली. माओवाद्यांच्या दलमच्या खांद्यावर ती दिसली, तर ती बहुतेक एखाद्या पोलिसाच्या किंवा जवानाच्या हातून गेलेली. ८ ऑक्टोबर २००९ला भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. अशा प्रत्येक चकमकीनंतर मेलेल्या माणसाची बंदूक बाजू बदलते. त्यामुळे या रानात इन्सास दोन्हीकडून चालली.

तिचा जन्म मात्र आपल्याच राज्यातला. पुण्याच्या पाषाण भागात आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एआरडीई, ही १९५८ सालापासूनची संस्था आहे. पिनाक रॉकेटची यंत्रणा हे तिचं अलीकडचं नावाजलेलं काम. पण तिच्या पहिल्या मोठ्या कामांत एक रायफलच होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या एफएन कंपनीशी परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्यावर इथल्या अभियंत्यांनी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि बेल्जियन नमुने समोर ठेवून स्वतःची रायफल बेतली. आपले जवान जिला नुसतं 'एसएलआर' म्हणतात, ती हीच. कंपनी खवळली, पुढे तडजोड झाली. तोवर १९६२चं युद्ध होऊन गेलं होतं, आणि बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायची थ्री-नॉट-थ्री आता पुरणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

एसएलआर दणकट होती आणि तिची गोळी जबर होती. पण लांबी मीटरभराहून जास्त, वजन साडेचार किलोच्या आसपास. एटापल्ली-भामरागडकडे बांबूच्या रांजीतून वाकून चालणाऱ्या माणसाला ती नळी किती नडत असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून १९८०च्या दशकात नव्या कुटुंबाचं काम निघालं. इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम, म्हणजे इन्सास. एकाच सांगाड्यावर रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तिन्ही हत्यारं बेतायची, सुटे भाग शक्यतो सामाईक ठेवायचे, गोळी एकच ठेवायची. खर्च वाचवण्याचा हा विचार कागदावर चोख होता. कार्बाइन काही रांगेला लागली नाही, बाकीच्या दोघी लागल्या.

इन्सास उघडून पाहिली तर तिच्यात बऱ्याच घरची ओळखीची माणसं भेटतात. नळीतला वायू मागे वळवून दट्ट्याने बोल्ट ढकलायचा आणि बोल्टने फिरून कुलूप लावायचं, ही मूळ रचना एकेची. वायू कमीजास्त करायचा नियंत्रक एसएलआरच्या घराण्यातला. बोल्ट ओढायची मूठ डाव्या हाताला, पुढच्या बाजूला, जर्मन रायफलींसारखी. नळी आतून क्रोम चढवलेली, म्हणजे दमट हवेत गंज लवकर धरणार नाही. यावरून 'इकडची वीट तिकडचा दगड' अशी टवाळी खूप झाली. ती मला पटत नाही. ज्याची जी गोष्ट चालते ती घ्यावी, यात कमीपणा कसला? रायफलींच्या इतिहासात अगदी नवं असं फार थोडं आहे.

तिची मॅगझिन तेवढी निराळी. २० गोळ्यांची, अर्धपारदर्शक प्लास्टिकची. बंदूक जराशी कलती केली की आत पिवळसर गोळ्या किती उरल्या ते दिसतं, मॅगझिन काढून बघावी लागत नाही. गोळीबार चालू असताना या एका सोयीची किंमत केवढी, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

दुसरी खास गोष्ट तिच्या निवडखटक्यात आहे. एकेक गोळी किंवा एका दाबात तीन गोळ्या, एवढंच. घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामी, हा प्रकार रायफलीला दिलेलाच नव्हता. तो फक्त मशीनगनला होता. व्हिएतनाममध्ये घाबरलेल्या पोरांनी सगळ्या गोळ्या झाडांच्या शेंड्यांत घातल्या हे पाहून अमेरिकनांनीही १९८०च्या दशकात आपल्या एम-१६ला असाच तीन गोळ्यांचा लगाम घातला होता. पुढे त्यांच्या भूसेनेने तो काढला. आपला लगाम हिशोबी वृत्तीचा होता. गोळी वाचवा, नेम धरा. खुल्या मैदानावर दोनशे-तीनशे मीटरवर शत्रू दिसतो, तिथे हे बरोबर आहे. पण या रानात समोरचा माणूस बहुतेक वेळा तीस-चाळीस पावलांवर, तोही क्षणभरच दिसतो. तिथे बेत आणि जागा यांचं जमत नाही.

काटकसरीचा खरा मुद्दा गोळीत आहे. एसएलआरच्या ७.६२ मिलिमीटरच्या एका काडतुसाचं वजन साधारण २४ ग्रॅम, इन्सासच्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाचं जेमतेम १२. म्हणजे दोनशे गोळ्या घेतल्या तर एकीकडे जवळपास पाच किलो आणि दुसरीकडे अडीच. गडचिरोली पोलिसांच्या सी-साठ दलाची पार्टी रानात शिरते तेव्हा पाणी, कोरडा शिधा, पावसाळ्यात ताडपत्री असं सगळं पाठीवरच असतं. तेव्हा वाचलेले अडीच किलो म्हणजे पाण्याच्या आणखी दोन-अडीच बाटल्या. या एका बाबतीत इन्सासच्या कर्त्यांनी जवानाचा विचार अगदी नेमका केला होता. लहान गोळी काडीला लागली तरी वळते, असं बंदूकवाल्यांत सर्रास बोललं जातं. जड गोळीही फांदीला लागली की वळतेच, पण ही तक्रार फक्त लहानीच्या वाट्याला येते.

आता हिशोब कुठे बिघडला ते सांगतो. बंदूक तयार व्हायला एवढा उशीर झाला, की १९९०-९२च्या सुमारास रशिया, हंगेरी, रुमानिया अशा देशांकडून एक लाखाच्या आसपास एके घराण्यातल्या रायफली विकत घ्याव्या लागल्या. लोकांना इन्सास दिसली ती १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, आणि तिच्यासाठी गोळ्यांचा पुरेसा पुरवठा घरात नव्हता, म्हणून त्या इस्रायलकडून आणल्या. परकीय चलन वाचवायला काढलेलं काम, आणि वाटेत दोनदा परदेशाच्या दारात. आज याच गोळ्या भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीलाही आयुध निर्माणी आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की बंदुका-गोळ्या तिथूनच येत असतील. भद्रावतीचं काम मोठ्या दारूगोळ्याचं. तिथे तोफगोळे आणि बॉम्ब भरले जातात.

संचलनानंतर पुढच्याच वर्षी कारगिल आलं. उणे तापमानात त्या पारदर्शक मॅगझिनला तडे गेले, गोळ्या अडकल्या, काही जवानांच्या डोळ्यांत तेल उडालं. बंदुकीची सगळ्यात शहाणी गोष्टच तिला सगळ्यात आधी दगा देऊन गेली. २००५ साली इन्सास वापरणाऱ्या नेपाळच्या सैन्याने तक्रार केली, आपल्याकडून उत्तर गेलं की तुम्ही ती नीट वापरली नाही. सुधारणा झाल्या, मॅगझिनचं प्लास्टिक बदललं, पण एकदा नाव गेलं ते गेलं. २०१५ साली छत्तीसगडमधल्या सीआरपीएफच्या हातात इन्सासऐवजी एके द्यायचा निर्णय झाला. गडचिरोली-चंद्रपुरात बर्फाचा प्रश्न नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागड चार-चार दिवस तुटतं. इथलं संकट म्हणजे घाम, चिखल, साल-पानांचा कचरा आणि आठवडाभर न सुकणारं तेल. मोकळ्या फटींची, ढिल्या जोडणीची एके या घाणीला दाद देत नाही. इन्सास घट्ट जोडणीची, नेमाला सरस, पण तिला रोज फडक्याने पुसायला निवांत पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं रानात मिळतातच असं नाही.

सी-साठ हे दल १९९० साली गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी उभं केलं. सुरुवातीला साठ जवान, बहुतेक इथल्याच आदिवासी गावांतले. पार्ट्या त्यांच्या म्होरक्याच्या नावाने ओळखल्या जातात. या मुलांना रान पाठ, भाषा पाठ. त्यांच्या हातात आज एकेच जास्त दिसते. समोरच्या बाजूची गोष्ट मात्र मिसळीची राहिली. नोव्हेंबर २०२१ला मर्दिनटोलाच्या चकमकीनंतर मिळालेल्या २९ हत्यारांत ९ एसएलआर, ३ थ्री-नॉट-थ्री, काही एके, बारा-बोरच्या बंदुका आणि एक इन्सास होती. जुलै २०२४ला वांडोलीत ३ एके, २ इन्सास, एक कार्बाइन, एक एसएलआर. आपल्या शस्त्रखरेदीचा साठ वर्षांचा इतिहास असा एका ताडपत्रीवर मांडलेला कुठल्या संग्रहालयात पाहायला मिळायचा नाही.

त्या ताडपत्रीच्या कडेला बहुतेक वेळा आणखी एक चीज असते, भरमार. इथली सगळ्यात स्वस्त बंदूक हीच. लांब लोखंडी नळी, गावठी लाकडाचा ओबडधोबड दस्ता, तोंडाकडून भरायची काळी दारू, वर छर्रे, मग गजाने ठासणं. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून खटाटोप, आणि पावसात दारू सादळली की हातात नुसता दांडा. धानात रानडुकरं शिरतात म्हणून ती घराघरांत होती. दलमने आपल्या गावोगावच्या मिलिशियाला तीच धरायला लावली, आणि पोलिसांनी गावांना आवाहन करून ती जमा करून घ्यायला सुरुवात केली. पोलिसांच्या लेखी भरमार म्हणजे माओवाद्यांचं हत्यार, शेतकऱ्याच्या लेखी डुकराचं. दोघांचंही खरं आहे. बंदूक जमा केलेल्या शेतकऱ्याच्या धानाला रात्री राखण कोण देणार, हा प्रश्न मात्र वनखात्याच्या टेबलावर पडून आहे.

पुण्याची संस्था इन्सासच्या या अनुभवातून काय शिकली? थोडं तरी शिकली, असं म्हणायला जागा आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलमधल्या एका अधिकाऱ्याबरोबर एआरडीईने अस्मि नावाचं ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल केलं, ते चार महिन्यांत. घोड्याचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले, खालचा सांगाडा कार्बन फायबरचा, वजन दोन किलोच्या आत. जानेवारी २०२१ला ते जाहीर झालं तेव्हा एका नगाचा उत्पादन खर्च ५० हजार रुपयांच्या आत सांगितला गेला, आणि पुढे हैदराबादच्या कारखान्यातून ते लष्कराच्या हातात पोचलंही. ८ जानेवारी २०२४ला पुण्यातच 'उग्रम' रायफल दाखवली, ती शंभर दिवसांच्या आत केलेली. तिची गोळी पुन्हा ७.६२, म्हणजे एसएलआरचीच. जिच्या वजनाला कंटाळून इन्सास आणली, त्याच गोळीकडे आपण परत आलो. लष्कराने तर इन्सासच्या जागी अमेठीजवळ कोरव्यात बनणाऱ्या एके-२०३ निवडल्या आहेत, सहा लाखांवर.

इन्सास वाईट बंदूक नव्हती. तिचा पाया ठीक होता, नेम चांगला होता, गोळीचं गणित बरोबर होतं. वर्षानुवर्षांचा उशीर, कच्चं प्लास्टिक आणि वापरणाऱ्याला शेवटी विचारायची रीत, या तीन गोष्टींनी तिला महाग केलं. स्वस्तपणा मोजायची आपली जागा चुकली. आपण तो कारखान्याच्या फाटकावर मोजला. माझं सांगणं एवढंच, की पाषाणहून पुढची स्वस्त रायफल निघेल तेव्हा तिच्या पहिल्या पन्नास नगांना पोखरणची वाळू आणि लडाखचा बर्फ जरूर दाखवा, पण जून ते सप्टेंबर त्या भामरागड उपविभागातल्या एखाद्या पार्टीकडेही राहू द्या. तिथल्या हवालदाराने होकार दिल्यावरच मोठ्या मागणीच्या कागदावर सही करा.