सातमाळ्याच्या पायऱ्या कोणी कोरल्या?

ओझरहून महामार्गाने चांदवडकडे निघालात की सातमाळ्याच्या रांगेकडे नीट बघा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. कठीण थराचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. 🏔️

पावसाचं पाणी भेगांत मुरतं, खालचा आधार झिजतो आणि कड्याचे धोंडे निखळून पायथ्याशी साठतात. तो मालमसाला उचलण्याचं काम ओढ्यांचं. गोटे वरच राहतात, बारीक गाळ दूरवर जातो. निफाडची काळी, सुपीक जमीन याच झिजलेल्या खडकाची. नांदूरमध्यमेश्वरला तर बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातून पाणथळ तयार झालं. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं.

पावसाळ्यात बाणगंगा नदीचं गढूळ पाणी दिसलं तर ओळखा, डोंगर उतरणीला लागलाय! तुमच्या गावच्या नदीकाठी गोटे जास्त की गाळ? फोटो टाका. 👇